मुरुमखेड्याची माती

"मला जाळू नका," नर्मदाबाई म्हणाल्या आणि पुन्हा तुरीच्या शेंगा सोलायला लागल्या. राजेश्री डब्यात भाजी भरत होती. गॅसवर काही करपतंय, त्याबद्दल त्या बोलतायत असं तिला आधी वाटलं. तिनं वळून पाहिलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, सकाळचं ऊन पडतं तिथं, पाय पसरून बसल्या होत्या आणि ओटीत दाणे साठत होते. "कुणाला जाळू नका, आत्याबाई?" "मला. मेल्यावर. मुरुमखेड्याला न्या अन् माझ्या आईपाशी पुरा. महारुद्राला तूच सांग. मी बोलाय लागले की त्याचं बीपी चढतंय." राजेश्री बरं म्हणाली. डब्याचं झाकण नीट बसेना. ते तसंच दाबून तिनं पिशवीत टाकलं आणि स्कूटी काढली. जिंतूर रोडला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हेल्मेट घरीच विसरलो आहोत.

रक्तपेढीतल्या फ्रिजचं दार उघडलं की मनगटांना गार हवा लागते. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत तिला ती जाणवेनाशी झाली होती. त्या दिवशी पुन्हा जाणवली. पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना ते वाक्य मध्येमध्ये येत राहिलं. त्यात दुःख नव्हतं, भीती नव्हती. भाजीत मीठ कमी घाला म्हणावं, तसं त्या म्हणाल्या होत्या, आणि बहुतेक म्हणूनच ते जात नव्हतं. माणिकराव, म्हणजे तिचे सासरे, गेले तेव्हा पुरुषमाणसं नदीवर गेली आणि बायका घरी बसल्या. नर्मदाबाई भिंतीला टेकून होत्या, रडत नव्हत्या. महारुद्र, तिचा नवरा, संध्याकाळी आंघोळ करून आला, तरी त्याच्या केसांना धुराचा वास होता. त्याच्याकडे बघत त्यांनी विचारलं होतं, "हाडं बी गेली का नदीत?" तो हो म्हणाला. "समदी?" समदी, तो म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. राजेश्रीला तेव्हा तो प्रश्न विचित्र वाटला होता. नवरा गेलेल्या बाईला कसलेही प्रश्न सुचतात, असं समजून तिनं तो सोडून दिला होता. आता तिला वाटलं की त्या हिशेब लावत होत्या, माणसाचं मागे काय राहतं आणि कुठे राहतं याचा.

त्यांचं माहेर वेगळं आहे, एवढं तिला लग्नाआधी सांगितलं होतं. माणिकराव रेल्वेत होते, पूर्ण्याच्या क्वार्टरात राहायचे. तिच्या वडिलांना बाजूला घेऊन ते म्हणाले होते, "आमच्या हिचं माहेर इस्रायली आहे. मूळ कोकणातली माणसं. आता तिकडं कुणी नाही." वडिलांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी घरी येऊन सांगितलं की सासूबाई कोकणातल्या आहेत. तेच पुढे चालत आलं. नातेवाईक विचारायचे, महारुद्र सांगायचा, कोकणातलं. खोटं नव्हतं. मुरुमखेड्याला रेल्वेची गिट्टीची खाण होती, तिथं लोहार, मिस्त्री, कारकून म्हणून आलेली सहा-सात इस्रायली घरं होती, कोकणातल्या ज्यूंची. खाण बंद पडली आणि त्याच सुमारास ती माणसं आपल्या देशात म्हणून इस्रायलला निघून गेली. हे राजेश्रीला तुकड्यातुकड्यांनी समजलं होतं, आणि त्यातलं फारसं तिनं विचारून घेतलेलं नव्हतं. सुनेनं सासूला तिचं माहेर विचारायचं असतं, पण या माहेराबद्दल कसं विचारायचं ते तिला माहीत नव्हतं. घरात मटण असलं की नर्मदाबाई दही विरजायच्या नाहीत. दसऱ्याच्या मागेपुढे एक दिवस त्या पाण्याचा थेंबही घ्यायच्या नाहीत, पांढरं लुगडं नेसून दार लोटून आत बसायच्या. त्याला त्या दरफाळणी म्हणायच्या. शेजारणींना वाटायचं, नवरात्राचाच काहीतरी कडक प्रकार आहे. नंतर एक दिवस त्या आणि माणिकराव गाडीत बसून जाऊन यायचे. कुणाकडे गेला होता विचारलं तर मैत्रिणीकडे, म्हणायच्या.

रात्री जेवताना तिनं महारुद्राला सांगितलं. त्याचं बी-बियाणांचं दुकान होतं. दिवसभर लोकांशी बोलून तो घरी गप्प असायचा. "बापाला मी अग्नी दिला," तो म्हणाला, "आणि आईला पुरू?" "त्या म्हणतायत." "म्हणू दे. म्हातारी माणसं म्हणतात." मग थोड्या वेळानं, पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाला, "जिंतूरचे लोक फेब्रुवारीत यायलेत. शिवकन्येचं होऊ दे आधी. हा विषय काढू नको." शिवकन्या, त्यांची मुलगी, कृषी विद्यापीठात शिकत होती. जिंतूरच्या एका बऱ्या घराशी बोलणं चाललं होतं आणि मुलगा तिला आवडला होता. राजेश्रीनं विषय काढला नाही. पण आठ दिवसांनी नर्मदाबाई पुन्हा म्हणाल्या, "एकदा जाऊन येऊ. गुडघा अजून चालतोय तवर. जागा हाय का गेली बघू." माणिकराव गेल्यापासून त्यांचं जाणं झालं नव्हतं. राजेश्रीनं एक रजा टाकली आणि महारुद्राला सांगितलं की आत्याबाईंना नांदेडला डोळे दाखवायला नेते. सांगताना तिला अपराधी वाटलं नाही, याचंच थोडं आश्चर्य वाटलं.

पॅसेंजरमधून जाताना पूर्णा नदीचा पूल आला तेव्हा तिनं पिशवीत डोकं घातलं, पाण्याची बाटली शोधत असल्यासारखं. ही तिची जुनी सवय होती. तिचं पहिलं मूल पूर्ण्याच्या क्वार्टरात सहाव्या दिवशी गेलं होतं. मुलगा होता. रात्री दूध प्यायला आणि सकाळी निळा पडलेला सापडला. कुणीतरी त्याला तिच्या मांडीवरून उचललं, आतल्या खोलीत नेलं, आणि दुपारी महारुद्र आणि माणिकराव त्याला घेऊन गेले. आईनं जायचं नसतं. आईनं विचारायचंही नसतं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं विचारलं नाही. पुढे शिवकन्या झाली, सासऱ्यांची बदली झाली, परभणीला घर झालं, आणि विचारायची वेळ कधी आली आणि कधी टळली ते कळलं नाही. लहान लेकरांना नदीकाठी पुरतात, एवढं तिनं ऐकलं होतं. म्हणून त्या पुलावरून जाताना ती काठाकडे बघायची नाही. पहिली काही वर्षं छातीत दूध आल्यासारखं दुखायचं. आता नुसता एक ताठरपणा यायचा, जबड्यापासून मानेपर्यंत, आणि पूल सरला की जायचा. नर्मदाबाई खिडकीपाशी बसून सरळ पाण्याकडे बघत होत्या.

चुडाव्याला उतरून त्यांनी रिक्षा केली. मुरुमखेड्याच्या अलीकडे खाणीचा मोठा खड्डा लागला. त्यात हिरवं पाणी होतं आणि कडेनं वेड्या बाभळी माजल्या होत्या. त्यापलीकडे थोडं चढावर काट्यांचं कुंपण होतं. राजेश्रीच्या मनात पडझड होती, फुटके दगड, कुठे काही ओळखू न येणं. तसं नव्हतं. जमीन झाडून काढल्यासारखी होती. बारा-पंधरा काळे दगड सरळ उभे होते, त्यांवर वरती चौकोनी परकी अक्षरं आणि खाली साधं मराठी. कुंपणाच्या पलीकडे मेंढरं बसली होती आणि त्यांच्यापाशी एक हडकुळा म्हातारा आणि त्याची बायको. बाईनं कपाळावर हात धरून पाहिलं, मग काठी टाकून आली. "मिलकाबाई," ती म्हणाली, "किती दिसांनी. मला वाटलं, गेलात."

राजेश्रीनं ते माहेरचं नाव कधी मोठ्यानं उच्चारलेलं ऐकलं नव्हतं. सासूबाईंच्या चेहऱ्यात काही बदललं का म्हणून तिनं पाहिलं. काही बदललं नव्हतं. त्या फक्त लगेच वळल्या होत्या, नर्मदाबाई म्हटल्यावर वळायला त्यांना लागायचा तेवढा वेळही लागला नव्हता. "न्हाई गेले अजून," त्या म्हणाल्या. "म्हाळसा, ही माझी सून. अन् हे धोंडीबा." धोंडीबानं टोपी सारखी केली. मग नर्मदाबाई एका दगडापाशी गेल्या, खाली बसायला राजेश्रीनं त्यांना धरलं. सेगुलाबाई अब्राहाम झिराडकर, असं त्यावर होतं. त्यांनी बोटानं अक्षरांतली माती काढली. "बाबा गेले तवा स्टेशनावर म्हणाले, तुझ्या आईकडं बघ. भावांनी काही वर्षं पत्रं टाकली. मग तिकडंच मुरले ते. माझं लग्न झालं म्हणून मी राहिले असं समदे समजतेत. लग्न झालंच होतं. पण हिला एकटीला टाकून मी तशी बी गेले नसते."

राजेश्री उभी होती. कडेच्या बाजूला तिला लहान लहान दगडांच्या रांगा दिसल्या, वीतभर उंचीचे, गिट्टीचेच तुकडे, काहींवर शेंदराचा ठिपका. ते त्यांच्यातले वाटेनात. तिनं म्हाळसाबाईला विचारलं. "ते आमचे," म्हाळसाबाई म्हणाली. "गावातली लेकरं. इसरेल गेले अन् जागा मोकळी पडली. एकांद्यानं नांगर घातला असता. पर तवा लय लेकरं जायची, बायका हितं आणाय लागल्या. कुत्री येत न्हाईत, पाणी चढत न्हाई. आता कोन नांगर घालंल? समद्या घरांचं कोन ना कोन हाय हितं." ती रांगेनं चालत दाखवायला लागली, एखादी बाई शेजारपाजारची घरं दाखवते तशी. "हे माझं. हे बी माझंच. ही पाटलाची पोर. हे बालाजी सुताराचं. अन् हे तुमचंच की, मिलकाबाईचा नातू. दोघं बापलेक घेऊन आलते. खड्डा ह्येनीच खंदला."

कुठेतरी मेंढरू शिंकलं. राजेश्रीला प्रथम काहीच वाटलं नाही. तिला दिसत होतं की दगड बाकीच्यांपेक्षा जरा रुंद आहे आणि त्याच्या बुडाशी मुंग्यांनी बारीक माती काढली आहे. मग तिला पूल आठवला. इतकी वर्षं आपण ज्या पाण्याकडे बघितलं नाही, ते पाणीच चुकीचं होतं. त्या काठावर काहीही नव्हतं. तिला हसू येईल की काय अशी भीती वाटली. ती खाली बसली. मागून नर्मदाबाईंचा आवाज आला, "तुला ठावं न्हवतं?" तिनं मान हलवली. "मी म्हणले होते ह्यांना, नदीवर नका नेऊ, कुत्री असतेत, माझ्या आईपाशी न्या. मला वाटलं, महारुद्रानं सांगितलं असंल. तू कधी काढलं न्हाईस. मला वाटलं, तुला नको हाय." त्या कष्टानं दोन पावलं पुढे आल्या. "दरसाली येत होते की मी. दोघांकडं."

परतीच्या गाडीत त्या झोपल्या. राजेश्रीच्या मनात राग शोधूनही नीट सापडेना. कुणी काही लपवलं नव्हतं. सगळ्यांनी एकमेकांना जपलं होतं आणि त्या जपण्यात मूल सव्वीस वर्षं एका माळावर तिच्यावाचून पडून होतं. पूल आला. तिनं पाहिलं. नदी होती, वाळू होती, दोन म्हशी होत्या. जबडा ताठरला नाही, आणि तो ताठरला नाही याचंच तिला रडू आलं. समोरच्या बाकावरच्या माणसानं पेपर वर धरला.

महारुद्राला तिनं त्याच रात्री सांगितलं, नांदेडचं खोटं आणि मुरुमखेड्याचं खरं. "मला वाटलं, आईनं तुला सांगितलं असंल," तो म्हणाला. "आत्याबाईंनाही तसंच वाटलं." "मग आता काय?" "आत्याबाईंना तिथंच न्यायचं." "राजेश्री, पोरीचं—" "माहीत आहे," ती म्हणाली. त्यानं दिवा मालवला. तो झोपला नाही हे तिला कळत होतं, तीही जागीच होती.

फेब्रुवारीत जिंतूरची माणसं आली. मुलाचे काका किशनराव पुढे होते, बोलायला मोकळे, दिलखुलास. पोहे झाले, चहा झाला, शेती, पाणी, सोयाबीनचा भाव झाला. मग त्यांनी सहज विचारलं, "आजींचं माहेर कुणीकडलं म्हणायचं?" महारुद्र म्हणाला, "कोकणातलं." हेच नेहमीचं होतं, आणि राजेश्रीनं नेहमीसारखं ट्रे उचलून आत जायला हवं होतं. आतल्या खोलीत नर्मदाबाई पलंगावर बसल्या होत्या, दार उघडंच होतं, त्यांना ऐकू येत होतं. राजेश्री म्हणाली, "मुरुमखेड्याचं. पूर्णा तालुक्यात. त्या इस्रायली आहेत, ज्यू. त्यांच्या आईची कबर तिथं आहे. आमचा पहिला मुलगाही तिथंच आहे. आणि त्यांनाही आम्ही तिथंच नेणार आहोत." रक्ताचा गट सांगावा तसं तिनं ते सांगितलं. किशनरावांनी कप बशीत ठेवला. "असं का," ते म्हणाले, "नाही, चांगलंच आहे. माहिती असलेली बरी." अजून पाऊण तास ते बसले, आणि जाताना नर्मदाबाईंच्या पाया पडून गेले. फोन करतो म्हणाले. फोन आला नाही. महारुद्रानं दोनदा केला, तेव्हा मुलाला एवढ्यात करायचं नाही असं समजलं.

शिवकन्या चार दिवस आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी कपडे वाळत घालताना म्हणाली, "मला आधी सांगायचंस ना. त्यांच्याआधी. मला तर माहीतच नव्हतं की मला भाऊ होता." तिनं पिळलेली चादर तशीच हातात धरून ठेवली. आपणही नेमकं तेच केलं, तिच्या मनात आलं, जपलं. पुढच्या महिन्यांत शिवकन्या दुपारची आजीच्या पलंगावर जाऊन पडायला लागली. मधूनमधून त्यांचं बोलणं ऐकू यायचं, बरंचसं नाहीच. एकदा राजेश्रीनं ऐकलं, "मिलका म्हणजे काय गं आजी?" आणि आजी म्हणाल्या, "राणी म्हणतेत. पर आमच्यात समद्याच मिलका असायच्या." महारुद्र दुकानातून उशिरा यायला लागला. त्याच्याकडून होकार आला नाही, नकारही आला नाही. राजेश्रीनं पुन्हा विचारलं नाही, या वेळी मात्र तिला माहीत होतं की आपण विचारत नाही आहोत.

नर्मदाबाई दसरा झाल्यावर गेल्या, पहाटे, झोपेत. सकाळ झाली तशी माणसं जमायला लागली. महारुद्राच्या चुलतभावानं विचारलं, लाकडं सांगू का. राजेश्री दारात उभी होती. महारुद्र म्हणाला, "लाकडं नकोत." त्यानं खिशातून फोन काढला. धोंडीबाचा नंबर त्याच्याकडे होता. तो कधी घेतला, कुणाकडून घेतला, तिला माहीत नव्हतं. "धोंडीबा, आई गेली," तो म्हणाला. "खड्डा घ्या. सरपंचाला विचारा." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "काय म्हणाला सरपंच?" तिनं नंतर विचारलं. "म्हणाला, मला काय विचारता. त्यांचीच जागा हाय."

राजेश्री गाडीत बसली तेव्हा एक-दोघांनी बाईमाणसाचं काय काम म्हणून पाहिलं. शिवकन्याही तिच्या शेजारी बसली. वाटेत दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चालली होती, भुसा उडत होता. चुलतभाऊ आणि दोन शेजारी आले होते, बाकीचे पूर्ण्यापर्यंत येऊन परतले. मुरुमखेड्याला मात्र कुंपणापाशी बायका उभ्या होत्या, पंधरा-वीस, म्हाळसाबाई पुढे. पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या नर्मदाबाईंना सेगुलाबाईंच्या शेजारी खाली उतरवलं. धोंडीबानं विचारलं, "काही म्हनायचं असतंय का तुमच्यात?" महारुद्र म्हणाला, "असतंय. मला येत नाही. आई म्हणायची, म्हणणारे गेले, आता गप उभं राहिलं तरी चालतंय." मग सगळे गप्प उभे राहिले. माती सगळ्यांनी टाकली, बायकांनीही.

माणसं हळूहळू खाली गाड्यांकडे गेली. शिवकन्या म्हाळसाबाईबरोबर बोलत होती. महारुद्र एकटाच कडेच्या रांगेकडे गेला आणि न विचारता, न शोधता, बरोबर त्या रुंद दगडापाशी थांबला. मग मांडी घालून बसला. त्याच्या पँटच्या गुडघ्यांना ओला मुरूम लागला होता. राजेश्री त्याच्या बाजूला बसली. ऊन पाठीवर येत होतं. "त्या दिवसानंतर मी इथं आलोच नाही," तो म्हणाला. "आई-दादा यायचे. मला जमलं नाही." ती म्हणाली, "सांगा. कसं आणलंत ते सांगा मला. सगळं."

तो दगडाकडे बघत सांगायला लागला. पूर्ण्याहून पॅसेंजरनं आणलं. दादांनी, त्याच्या वडिलांनी, टॉवेलात कुदळ गुंडाळून घेतली होती. बाळाला तिच्याच निळ्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं होतं, तोंड थोडं उघडं ठेवलं होतं. उघडं का ठेवलं ते त्याला माहीत नाही, झाकवेना. एका स्टेशनाचं तर अंतर. गाडीत समोर एक बाई बसली होती, बांगड्यांची पेटी घेऊन. तिला वाटलं, झोपलंय. "किती दिसाचं म्हणाली. मी म्हणलो, सहा. मुलगा का मुलगी म्हणाली. मुलगा म्हणलो. आई कुठंय म्हणाली. घरी म्हणलो." त्यानं दगडाच्या बुडाची माती बोटानं सारली. "मग तिनं विचारलं, नाव काय ठेवलं. बारसं कुठं केलं होतं आपण. पण मला नाही म्हणवेना. दादा खिडकीतून बाहेर बघत होते. मी म्हणलो, योगीराज."

"योगीराज," राजेश्री म्हणाली.

"हां. तोंडाला आलं ते सांगितलं. ती वाकली आणि त्याच्या गालाला बोट लावून म्हणाली, योगीराज, ए योगीराज, ऊठ की. चुडावा येईपर्यंत ती त्याच्याशी बोलत होती."

राजेश्रीनं दगडावर हात ठेवला. उन्हानं तो तापला होता. तिनं हात तसाच राहू दिला.